नवं इंजिन, जुनी पिकअप: चढावर दम का जातो?

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची येते. पिकअप जुनी, पण चेसिस मजबूत आणि हौदा ठणठणीत. मूळचं मेकॅनिकल पंपाचं डिझेल इंजिन धूर ओकायला लागलं, ऑइल प्यायला लागलं, म्हणून ते उतरवून कॉमन रेलचं, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच जास्त दाबाच्या नळीतून (रेलमधून) डिझेल देणारं, नवीन इंजिन बसवलं. सेल्फ मारताच सुरू होतं, आवाज कमी, धूर नाही, रिकामी गाडी झकास पळते. मग हौद्यात माल भरला, पुढे चढ आला की मध्येच दम जातो. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी इंजिन ठरावीक आरपीएमच्या वर जात नाही आणि डॅशवर पिवळा दिवा लागतो. वाशीचा खाडीपूल असो की घोडबंदरला गायमुखचा चढ, लक्षण तेच. कडेला घेऊन चावी बंद करा, मिनिटभर थांबा, पुन्हा सेल्फ मारा. काही झालंच नाही अशी गाडी निघते.

त्यानंतरचं नाटकही ठरलेलं. स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लागतो, रेल प्रेशरचा, म्हणजे रेलमधल्या दाबाचा, कोड येतो, रेल प्रेशर सेन्सर बदलला जातो. काही दिवस बरे जातात आणि परत पिवळा दिवा. मग पंपावरचा व्हॉल्व्ह, मग पंप, मग चारही इंजेक्टर टेस्टिंगला. शेवटी सगळे मिळून ठरवतात की भंगारातून आणलेलं इंजिनच खराब होतं. माझं मत उलटं आहे. अशा गाड्यांत इंजिन बरेचदा निर्दोष असतं. बिघाड सापडतो तो नवं इंजिन जुन्या गाडीला जिथे जिथे जोडलं तिथे: अर्थच्या (म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत नेणाऱ्या) पट्टीत, टाकीच्या पाइपात, चावीच्या स्विचमागे. या जागा कोणी बघत नाही, कारण तिथे बदलायला महागडा पार्ट नसतो.

जुन्या डीआय, म्हणजे मेकॅनिकल पंपाच्या, इंजिनाला एकदा सुरू झाल्यावर विजेची जवळजवळ गरजच नव्हती. लागलीच तर पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडला बारा व्होल्ट. डायनामो मेलेला, बॅटरी उतरलेली, तरी चार जणांनी ढकलून सुरू केलेली गाडी पनवेलहून भायखळ्यापर्यंत यायची. त्यामुळे चेसिसची अर्थ वर्षानुवर्षं गंजत राहिली तरी कोणाला पत्ता लागला नाही. फार तर हेडलाइट मंद वाटायचे. कॉमन रेल इंजिनात मात्र डिझेल किती आणि कधी मारायचं हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो, तेही सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबाने, आणि हा सगळा हिशेब सेन्सरकडून येणाऱ्या शून्य ते पाच व्होल्टच्या सिग्नलवर चालतो. हिशेब जुळेनासा झाला की इंजिन वाचवण्यासाठी तो ताकद कापतो. याला लिम्प मोड म्हणतात. म्हणजे गाडी थकलेली नाही, तिला मुद्दाम आवरून धरलंय.

महिंद्राच्या २५२३ सीसीच्या डीआय इंजिनाच्या जागी तितक्याच सीसीचं एम-टू-डीआयसीआर हे कॉमन रेल इंजिन बसवणारे तर फारच निर्धास्त असतात. ब्लॉक ओळखीचा, म्हणून अर्धं काम आधीच झालं असं वाटतं. लोखंडाच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरंही आहे. तारांच्या आणि डिझेलच्या बाबतीत नाही.

पाना उचलण्याआधी

कागदांचं थोडक्यात सांगतो, कारण पुढे यावरच गाडी अडते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील आणि निर्मात्याने दिलेला मूळ तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्यामुळे गाडी ताडदेव, वडाळा, अंधेरी किंवा बोरिवली, ज्या आरटीओची असेल तिथे आधी विचारा, लेखी परवानगी घ्या, मगच इंजिन उतरवा. 'आधी बसवू, पासिंगच्या वेळी बघू' म्हणणाऱ्याला पासिंगची तारीख कधी येते ते चांगलंच कळतं. व्यावसायिक गाडी आठ वर्षांपुढची असेल तर ती तारीख दरवर्षी येते. विमा कंपनीलाही कळवा. आरसीवरचा आणि ब्लॉकवरचा इंजिन नंबर जुळला नाही, तर अपघातानंतर क्लेमच्या वेळी तोच पहिला प्रश्न असतो.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून इंजिन घेत असाल तर बिल घ्या आणि बिलावर इंजिन नंबर लिहून घ्या. चोरीच्या गाडीचं इंजिन तुमच्या चेसिसवर सापडलं तर दुकानदार ओळख दाखवणार नाही. आणि नुसतं इंजिन घेऊ नका. त्याच गाडीचा ईसीयू, पूर्ण हार्नेस (तारांचा जुडगा), ॲक्सिलरेटर पेडल, इमोबिलायझरसकट (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेसकट) चावी, डिझेल फिल्टरचं हाउसिंग आणि इंटरकूलर (टर्बोकडून येणारी गरम हवा थंड करणारा) एकत्र उचला. दोन पैसे जास्त जातील. पण प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर त्याचा स्वतःचा करेक्शन कोड असतो, तो त्या ईसीयूत भरलेला असतो. एका गाडीचा ईसीयू आणि दुसरीचे इंजेक्टर अशी खिचडी केली तर कोड नव्याने भरावे लागतात. ते राहिलं तर आयडल (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिनाचं संथ फिरणं) खडबडीत होतं, धूर येतो, आणि माणूस नसलेला दोष शोधत बसतो.

कोड वाचा, पण आलेखही बघा

कोड म्हणजे निकाल नव्हे. पी ००८७ आला म्हणजे रेलमधला दाब कमी पडला, पी ००८८ म्हणजे जास्त दिसला, पी ०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी. यातला कुठलाही कोड पंप बदलायला सांगत नाही. ईसीयूला काय दिसलं एवढंच तो सांगतो. ते खरं होतं का, हे आपल्याला शोधायचं असतं.

त्यासाठी स्कॅनरवर लाइव्ह डेटा उघडा आणि तीन आकडे शेजारी ठेवा: ईसीयूने मागितलेला रेल प्रेशर, प्रत्यक्ष रेल प्रेशर आणि बॅटरी व्होल्टेज. रेकॉर्डिंग चालू करा, एकाला केबिनमध्ये शेजारी बसवा आणि गाडी माल भरून चढावर न्या. गॅरेजमध्ये उभ्या गाडीवर काही सापडत नाही. आयडलला दाब साधारण २५० ते ३५० बार असतो, तेवढा दुबळी लाइनही पुरवते. मागणी हजार बारच्या पुढे गेली की पितळ उघडं पडतं.

आलेख दोनपैकी एका चालीने बिघडतो. पहिली चाल: मागणी वर चढते, प्रत्यक्ष दाब तिच्या मागे रेंगाळतो, हळूहळू अंतर वाढतं आणि काही सेकंदांनी दिवा लागतो. हा डिझेलचा उपाशीपणा. टाकीपासून पंपापर्यंत कुठे तरी अडथळा किंवा हवा आहे. दुसरी चाल: दाबाचा आकडा क्षणात उडी मारतो, परत येतो, पुन्हा उडतो, आणि इंजिनाचा आवाज त्या उडीबरोबर बदलत नाही. शेकडो बार दाब खरंच इतक्या झटक्यात वर-खाली झाला तर ते कानाला कळतं. कानाला कळत नसेल तर आकडा खोटा, आणि आकडा खोटा म्हणजे वायरिंग किंवा अर्थ. उडीच्या वेळी कोणी हेडलाइट लावला, ब्रेक दाबला की हॉर्न मारला, ते शेजारी बसलेल्याने नोंदवायचं.

एवढा एक फरक आधी ओळखला तर निम्मा खर्च वाचतो. अनेक ठिकाणी तो ओळखतच नाहीत, कारण गाडी कोणी चढावर नेतच नाही.

अर्थ: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

ससून डॉकवरून मासळी वाहणारी एक पिकअप होती. मालक कोळीवाड्यातले नाखवा. त्यांचं म्हणणं, "दादा, पहाटेलाच मरते ही. दुपारी मेकॅनिककडे नेली की शहाण्यासारखी चालते." आधीच्या गॅरेजात सेन्सर आणि प्रेशर व्हॉल्व्ह दोन्ही बदलून झाले होते. कोड होता रेल प्रेशर जास्त असल्याचा, गाडी मात्र मेल्यासारखी. दाब जास्त आणि ताकद कमी, हे गणितच बसत नाही. पण पहाटे म्हणजे काय? हेडलाइट चालू, पावसात वायपर चालू, ब्लोअर चालू. दुपारी यातलं काहीच नाही.

हेडलाइटची अर्थ केबिनच्या पत्र्याला होती आणि केबिनची अर्थ डाव्या हेडलाइटमागच्या एका बोल्टला. मासळीच्या पेट्यांतून वर्षानुवर्षं गळलेल्या खाऱ्या पाण्याने तो बोल्ट आणि भोवतालचा पत्रा पार खाल्ला होता. त्यात इंजिन बसवताना वायरमनने सेन्सरची रिटर्न तार ईसीयूच्या पिनपर्यंत न नेता केबिनच्या पत्र्यालाच जोडली होती. 'अर्थ ती अर्थ' हा जुन्या गाड्यांचा हिशेब. तिथे तो चालायचा. इथे हेडलाइट लावले की केबिनचा पत्रा बॅटरीच्या निगेटिव्हपेक्षा थोडा वर उचलला जायचा आणि सेन्सरचा सिग्नलही त्याच्याबरोबर वर जायचा. शून्य ते १८०० बारसाठी ०.५ ते ४.५ व्होल्ट देणारा सेन्सर धरा. ०.१ व्होल्टची चूक म्हणजे ४५ बार. ०.३ व्होल्ट म्हणजे सव्वाशेच्या पुढे. ईसीयूला वाटायचं दाब वाढलाय, म्हणून तो डिझेल आवळायचा, खरा दाब घसरायचा, चढावर गाडीचा श्वास कोंडायचा. नवा सेन्सर लावला तरी त्याच तारांवर तोही तेच खोटं बोलणार.

हे शोधायला मोठं यंत्र लागत नाही, साधा मल्टिमीटर पुरतो. फक्त माप व्होल्टमध्ये घ्या, ओहममध्ये नाही. केबलच्या आतल्या सगळ्या तारा तुटून एकच उरली असली तरी ओहमवर जवळपास शून्य दिसतं. करंट वाहायची वेळ आली की ती एक तार काय करणार? मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर टेकवा, क्लॅम्पवर नाही, थेट शिशाच्या खुंटीवर. लाल प्रोब इंजिन ब्लॉकच्या उघड्या लोखंडावर. इंजिन गरम, आरपीएम दोन हजारच्या आसपास, हेडलाइट, ब्लोअर, वायपर सगळं चालू. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. ०.२ च्या वर गेलं तर ती अर्थ नापास. मग तोच लाल प्रोब चेसिसवर, केबिनच्या पत्र्यावर आणि शेवटी ईसीयूच्या अर्थ पिनवर न्या. जिथे आकडा अचानक वाढेल त्याच्या आधीच्या जोडात दोष. सेल्फ मारताना ब्लॉकवरचा आकडा थोडा वाढतो, पण अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला तर जाड केबल बदलायलाच हवी.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणजे ते चेसिसपासून विजेच्या दृष्टीने तुटलेलंच असतं. अर्थची पट्टी कमकुवत असेल तर सेल्फचा शेकडो ॲम्पियरचा करंट परतीचा दुसरा रस्ता शोधतो. जुन्या गाड्यांत तो ॲक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या केबलमधून जायचा आणि केबल तापून चिकटायची. नव्या इंजिनाला ॲक्सिलरेटरची केबलच नाही, म्हणून तो हार्नेसमधल्या बारीक अर्थ तारांवर पडतो. कारण नसताना ईसीयूची तार जळालेली दिसली तर आधी ब्लॉकची पट्टी बघा.

नवीन अर्थ टाकताना बॅटरी ते ब्लॉक ३५ चौरस मिलिमीटर किंवा त्याहून जाड केबल, ब्लॉक ते चेसिस तशीच दुसरी, आणि चेसिस ते केबिन १६ ची. रंग घासपेपरने काढून चकचकीत लोखंड दिसलं पाहिजे. दातेरी वॉशर, थिंबल (तारेच्या टोकाची धातूची कडी), आवळलेला नट, आणि ग्रीस सगळ्यात शेवटी, वरून. काही जण ग्रीस आधी थापतात आणि मग थिंबल दाबतात, तसं नको. जुनी तार परत वापरायची झाल्यास टोक सोलून बघा. आत तांबं हिरवं किंवा काळं पडलं असेल तर लाल-पिवळं तांबं दिसेपर्यंत कापत जा, आणि दिसलंच नाही तर तार फेकून द्या. सेन्सरच्या रिटर्न तारा मात्र कुठल्याही पत्र्याला जोडायच्या नाहीत. त्या सेन्सरमधून निघून थेट ईसीयूच्या नेमलेल्या पिनवर जातात, मध्ये काही नाही.

पिळून टेप मारलेले जोडही याच माळेतले. हार्नेस आखूड पडला म्हणून केलेला असा जोड उन्हाळाभर चालतो आणि जूनमध्ये हिंदमाताला तुंबलेल्या पाण्यातून गाडी एकदा गेली की गुण दाखवतो. जोड क्रिम्प करा (धातूच्या छोट्या नळीत दाबून बसवा) आणि वर गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा. ईसीयू इंजिनजवळ खाली टांगू नका. केबिनमध्ये, उंचावर, कनेक्टरचं तोंड खाली करून बसवा, आणि तारांना कनेक्टरच्या खाली एक झोळ द्या, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी पिनपर्यंत चढत नाही.

चावीचा स्विच आणि डायनामो

जुन्या चावीच्या स्विचमधून ईसीयूला थेट वीज देणं ही दुसरी सवय. त्या स्विचचे कॉन्टॅक्ट झिजलेले असतात, बॅटरीवर १४ व्होल्ट असले तरी ईसीयूपर्यंत साडेबारा पोचतात. ईसीयूची वीज बॅटरीजवळच्या फ्यूजमधून, मेन रिलेमार्फत हवी, आणि रिले ओढायचं काम ईसीयूकडेच ठेवायचं. चावी बंद केल्यावरही त्याला काही सेकंद जागं राहून नोंदी साठवायच्या असतात. ते तोडलं तर अधूनमधून विचित्र, कशाशी मेळ नसलेले कोड येतात. चांगला रिले आणि सॉकेट लॅमिंग्टन रोडला किंवा ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत सहज मिळतो. इथे पैसे वाचवू नका.

डायनामो नवीन इंजिनाबरोबर आला आणि डॅश जुनाच राहिला तर चार्जिंगच्या दिव्याची तार अनेकदा कुठेच जोडली जात नाही. पुष्कळ डायनामोंना सुरुवातीची उत्तेजना त्याच दिव्यातून मिळते. मग इंजिन सुरू होऊनही चार्जिंग लगेच सुरू होत नाही. एकदा जोरात रेस केलं की होतं. सकाळी ट्रॅफिकमध्ये रखडणाऱ्या गाडीला पी ०५६२ याच कारणाने येतो. आयडलला बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले की इथला प्रश्न मिटला.

टाकीपासून पंपापर्यंत

आलेखात दाब मागे रेंगाळताना दिसला तर इकडे या. सगळ्यात फुकटची चाचणी आधी करा: गाडी दम सोडत असताना कडेला घ्या आणि टाकीचं झाकण उघडा. सुस्स असा आवाज करत हवा आत गेली आणि त्यानंतर गाडी बरी चालली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. टाकीत पोकळी होऊन पंपाला डिझेल ओढवत नव्हतं.

ते नसेल तर पाच-दहा लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, केबिनमागे घट्ट बांधा, आणि त्यातून नव्या होजने थेट फिल्टरला डिझेल द्या. रिटर्न, म्हणजे इंजिनाकडून परत येणारं डिझेल, त्याच कॅनमध्ये सोडा. तोच चढ, तोच माल. गाडी ओढली तर पंप आणि इंजेक्टर दोषमुक्त. गुन्हेगार टाकी, जाळी किंवा पाइप. पंपाचा सौदा करण्याआधी ही चाचणी झालीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

जुन्या लोखंडी टाकीच्या तळाशी गंजाचा गाळ असतो आणि सक्शन पाइपाच्या टोकाची जाळी त्याने भरलेली असते. मेकॅनिकल पंप त्यातूनही भागवून न्यायचा. कॉमन रेल पंपाच्या आतल्या फटी काही मायक्रॉनच्या, त्याचा फिल्टरही बारीक, त्यामुळे तो लवकर भरतो. नवीन फिल्टर थोड्याच दिवसांत काळा पडत असेल तर फिल्टर बदलत राहू नका, टाकी उतरवून धुऊन घ्या किंवा बदला. रबरी होज बाहेरून ठीक दिसते आणि आतून सोललेली असते. गरम झाली, ओढ वाढली की आतला पापुद्रा झडपेसारखा बंद होतो. थंड असताना काहीच कळत नाही. फिल्टरच्या पुढे, पंपाच्या बाजूला, हातभर पारदर्शक नळी तात्पुरती लावा. त्यात बुडबुडे धावताना दिसले तर लाइन हवा पकडतेय: क्लिप, वॉशर किंवा गंजलेला पाइप.

रिटर्नकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. जुन्या इंजिनात नोझलमधून गळणारं थोडंसं डिझेल परत जायचं, तेवढ्यासाठी पाइप बारीक होता. कॉमन रेल इंजिन बरंच जास्त डिझेल परत पाठवतं, आणि तेही गरम. बारीक किंवा दबलेल्या पाइपात ते तुंबलं तर इंजेक्टरच्या मागच्या बाजूला दाब तयार होतो आणि नियंत्रण बिघडतं. रिटर्नची होज रुंद घ्या, वळणं कमी ठेवा, आणि टाकीत सक्शनपासून लांब सोडा. अगदी शेजारी सोडली तर फेसाळलेलं, तापलेलं डिझेल पंप लगेच परत ओढतो. नाखवांच्या गाडीत अर्थ सुधारल्यावर पहाटेचा त्रास गेला, पण पूर्ण मालावर लांब चढाला आलेख थोडा रेंगाळतच होता. त्याचं कारण हेच निघालं. एका गाडीत दोन दोष एकमेकांवर बसलेले असणं या कामात नवल नाही, म्हणून पहिला दोष सापडल्यावर चाचणी थांबवू नका.

एक धोक्याची गोष्ट. जुन्या इंजिनावर मिसिंग (एखादा सिलिंडर नीट न पेटणं) शोधायला चालू इंजिनात एकेका नोझलचा नट सैल करून बघायची रीत होती. कॉमन रेलवर हे कधीही करू नका. तिथे आयडललाही शेकडो बार दाब असतो, सुईएवढी धार हातमोज्यातून कातडीत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, आणि आत डिझेल पसरत जाऊन बोट किंवा हात गमवायची वेळ येते. असं झालं तर हळद दाबून घरी जायचं नाही. सरळ हॉस्पिटल गाठायचं आणि 'हाय प्रेशर डिझेल घुसलंय' असं सांगायचं, कारण त्याला तातडीची शस्त्रक्रिया लागते. लाइन सोडवायची असेल तेव्हा इंजिन बंद करून दाब उतरू द्या. मिसिंग शोधायचं काम स्कॅनरवरच्या सिलिंडर बॅलन्सने करा.

उरलेले सांधे

अर्थ आणि डिझेल दोन्ही पास झालं तरी दिवा लागत असेल, तर पुढच्या जागा.

ब्रेक दाबल्यावर टर्बोची ओढ जाते, ही तक्रार ऐकायला विनोदी वाटते पण खरी असते. टर्बोचा ॲक्च्युएटर व्हॅक्यूमवर चालणारा असेल आणि त्याची नळी ब्रेक बूस्टरच्या नळीतच जोडली असेल, तर ट्रॅफिकमध्ये सारखा ब्रेक मारताना व्हॅक्यूम उतरतो आणि पी ०२९९, म्हणजे टर्बोचा दाब कमी पडल्याचा कोड, येतो. बूस्टरच्या फांदीवर चेक व्हॉल्व्ह हवाच. हा ब्रेकचा प्रश्न आहे, नुसत्या ओढीचा नाही. इंटरकूलरचे होज लांबवताना घरगुती पाइप वापरले असतील तर चढावर दाब आला की क्लिप सरकते. जोडावर ऑइलचा ओला डाग दिसला तर हवा तिथूनच जातेय.

पेडलमध्ये दोन वेगळे सिग्नल असतात. बऱ्याच बॉश पेडलांत दुसरा पहिल्याच्या निम्मा असतो. जुन्या फायरवॉलवर पातळ पट्टीने बसवलेलं पेडल पाय दाबताना वाकतं, प्लगला ओढ बसते आणि दोन सिग्नलांचं नातं तुटतं. पी २१३८, म्हणजे हे दोन सिग्नल जुळत नसल्याचा कोड, दिसला तर पेडल बदलण्याआधी त्याची बैठक घट्ट करा. ब्रेकच्या आणि क्लचच्या स्विचच्या तारा ईसीयूला दिल्यात ना, तेही बघा. 'दिवा लागतो तेवढं पुरे' म्हणून त्या गाळलेल्या गाड्या मी बघितल्यात.

गरम झाल्यावर इंजिन चालता चालता एकदम बंद पडत असेल आणि थंड झाल्यावरच सुरू होत असेल तर तो लिम्प मोड नाही. क्रँक सेन्सर (इंजिनाचं फिरणं ओळखणारा) तपासा, कोड बहुधा पी ०३३५ असतो. काही इंजिनांत हा सेन्सर फ्लायव्हीलवरच्या खुणा वाचतो. जुना गिअर बॉक्स जुळावा म्हणून जुनं फ्लायव्हील लावलं किंवा ॲडॅप्टर प्लेटमुळे सेन्सर दूर गेला, तर थंडीत कसाबसा मिळणारा सिग्नल उष्णतेत हरवतो. त्याची तार सायलेन्सरच्या पाइपाजवळून गेली असेल तर आधी ती हलवा.

तापमानाचा काटा जुन्या डॅशचा आणि सेन्सर नव्या इंजिनाचा असेल तर काट्यावर विश्वास ठेवू नका. दोघांचा रेझिस्टन्स जुळत नाही. जुना सेंडर पाण्याच्या वाटेत वेगळी जागा करून बसवा आणि ईसीयूचा सेन्सर ईसीयूलाच राहू द्या. गाडी ट्रॅफिकमध्ये तापते आणि हायवेवर थंड राहते, तर पंखा किंवा त्याचं आच्छादन कमी पडतंय. ट्रॅफिकमध्ये ठीक पण लांब चढावर तापते, तर रेडिएटर लहान आहे किंवा आतून बुजलाय. इंजिन बदलल्यानंतर लगेच तापत असेल तर पाण्यात हवा अडकलेली असते. एक्सपान्शन टाकी सगळ्यात उंच आहे का ते बघा आणि नीट हवा काढा.

गाडी ताब्यात घेताना चाचणी अशी मागा: हौद्यात नेहमीइतका माल, इंजिन पूर्ण गरम, हेडलाइट-ब्लोअर-वायपर चालू, स्कॅनर रेकॉर्डिंगवर, आणि तुमच्या रोजच्या रस्त्यावरचा सगळ्यात लांब चढ. टाकी पाव भरलेली ठेवा, भरलेल्या टाकीत सक्शनचे दोष लपतात. दोन्ही दाबांच्या रेघा एकमेकींना चिकटून चालल्या, व्होल्टेज साडेतेराच्या खाली गेलं नाही आणि कुठलाही कोड साठला नाही, तर उरलेले पैसे द्या. ते रेकॉर्डिंग फोनमध्ये ठेवून घ्या. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा दिवा लागला तर तुलनेला तेच उपयोगी पडेल.